पसरलेल्या चिमण्या हातात काय ठेवावे?

एका हिवाळ्यात, पहाटेचा अंधार पुरता विरला नव्हता अशा वेळी, मी शेगावच्या स्थानकावर उतरलो, आणि दर्शनाच्या ओढीने झपझप चालणाऱ्या यात्रेकरूंच्या घोळक्याबरोबर बाहेर पडतो न पडतो तोच आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, कडेवर झोपलेले तान्हे मूल घेऊन, माझ्या पुढ्यात उभी राहिली. तोंडाने ती काही बोलली नाही. तान्ह्याची कललेली मान एका हाताने सावरीत तिने दुसऱ्या हाताची बोटे आधी त्याच्या ओठांना, मग स्वतःच्या पोटाला लावली, आणि तो हात उताणा करून माझ्यापुढे धरला. तळव्याला थंडीने भेगा पडल्या होत्या आणि मनगटात मळकट काळा दोरा होता. मी दहाची नोट दिली. पुढे समोरच्या टपरीवर चहा घेत उभा असता मी पाहिले की, ती मुलगी भिंतीच्या आडोशाला बसलेल्या एका प्रौढ इसमाजवळ गेली, नोट त्याच्या स्वाधीन केली, तान्हे या कडेवरून त्या कडेवर घेतले, आणि पुढच्या गाडीची माणसे बाहेर पडू लागताच पुन्हा आपल्या जागी जाऊन उभी राहिली. तो इसम तिचा बाप होता की आणखी कोणी, हे मला ठाऊक नाही. परंतु माझ्या दहा रुपयांनी तिच्या पोटात घास गेला नाही आणि तिची ती उभी राहण्याची जागा मात्र पक्की झाली, हे मला त्या सकाळी उमगले. तेव्हापासून या विषयाची जी चौकशी मी केली, जे कायदेकानू वाचले, ते जिल्ह्यात येणाऱ्या आणि जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत परमुलखातील माणसांचा राबता बाराही महिने असतो. शेगावला गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी, लोणारला खाऱ्या पाण्याचे ते विलक्षण विवर पाहण्यासाठी, १२ जानेवारीस सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी मस्तक ठेवण्यासाठी, आणि होळीच्या सुमारास सैलानी बाबांच्या दर्ग्यावर आपल्या आजारी माणसाला घेऊन, असे नाना हेतूंनी लोक येतात. ज्या ठिकाणी माणूस श्रद्धेने अथवा कुतूहलाने येतो, त्या ठिकाणी त्याचे मन मऊ झालेले असते आणि हात सैल सुटलेला असतो. हे ज्यांना नीट कळते, त्यांतील काहीजण स्वतः मागण्याऐवजी मुलाला पुढे करतात, कारण मोठ्या माणसाला नाही म्हणणारा प्रवासी मुलाला नाही म्हणताना अडखळतो.

या अडखळण्याची मला लाज वाटत नाही, आणि वाचकांनाही वाटू नये. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावच्या लोकांना गजानन महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, ही हकीकत वऱ्हाडातील लहान पोरालाही पाठ असते. ज्या गावाची पुण्याई अशा प्रसंगापासून सुरू होते, त्या गावच्या वेशीत भुकेल्याला झिडकारून पुढे जाणे कोणत्याही भक्ताला जड जाणारच. म्हणून मन कठोर करा असे मी सांगणार नाही. भूक खरी असेल तर ती भागविण्याची तजवीज तेथे आहे. महाराजांच्या संस्थानात महाप्रसाद रोज विनामूल्य मिळतो, आणि एरव्ही कोठेही मुलाला शेजारी बसवून, आपल्यादेखत दोन घास खाऊ घालणे कोणालाही शक्य असते. समोर बसून खाल्लेली भाकरी मुलाच्याच पोटात जाते. नोटेचे तसे नसते. बंद बिस्किटाचा पुडा आणि दुधाच्या भुकटीचा डबा हेही दुकानात परत विकता येतात, म्हणून पुडा फोडून द्यावा, केळे सोलून द्यावे, हे अनुभवी माणसांचे सांगणे व्यवहाराचे आहे.

कोणी म्हणेल की भिक्षा मागणे ही आपली जुनी चाल आहे, आणि मागणाऱ्या मुलाला विन्मुख पाठविणे हा आपला धर्म नव्हे. या म्हणण्याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे गेल्या शतकापर्यंत गरीब विद्यार्थी माधुकरी मागून, वार लावून जेवून शिकत. कित्येक विद्वानांची विद्या अशा पाच घरच्या अन्नावर पोसलेली आहे, आणि ज्या माउल्यांनी त्यांच्या झोळीत भाकरी टाकली त्यांचे ऋण महाराष्ट्राने कधी नाकारले नाही. परंतु माधुकरीचा मुलगा दुपारी झोळी घेऊन दोन गल्ल्या फिरे आणि उरलेला दिवस पाटी-पुस्तकापुढे बसे. त्याचे मागणे शिकण्यासाठी होते. स्थानकाबाहेरच्या मुलीचे शिकणे मागण्यासाठी बंद पडले आहे. एकाच्या झोळीत टाकलेला घास त्याला शाळेच्या दारात पोहोचवीत असे, दुसरीच्या हातावर ठेवलेले नाणे तिला त्या दारापासून दिवसेंदिवस लांब नेते. याच वऱ्हाडात जन्मलेले गाडगेबाबा झाडलोट केल्यावाचून कोणाची भाकरी घेत नसत, आणि गावोगावच्या कीर्तनांतून मुलांना शाळेत घाला म्हणून लोकांना कळवळून विनवीत. त्यांना मानणाऱ्या माणसाने या दोन भिक्षांमधला फरक ओळखलाच पाहिजे.

आता कायद्याची बाजू पाहू. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणे भीक मागणारे मूल हा गुन्हेगार नव्हे. कायदा त्याला काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक म्हणतो. गुन्हा आहे तो त्याला भीक मागावयास लावणाऱ्याचा, आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपये दंडाची शिक्षा सांगितली आहे. मुलाला त्यासाठी अपंग केले असेल तर ही कैद ७ ते १० वर्षांची आणि दंड ५ लाखांचा होतो. यावरून प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, मुलावर ओरडणे, त्याला चोर म्हणणे, त्याचा हात धरून फरफटत चौकीत नेणे, हे सर्व चुकीच्या माणसाला शिक्षा करण्यासारखे आहे. तसेच मुलामागे उभ्या असलेल्या माणसाशी स्वतः हुज्जत घालू नये. तो दोन मिनिटांत मुलाला घेऊन गर्दीत नाहीसा होईल, आणि कदाचित त्याचा राग त्या संध्याकाळी मुलाच्याच पाठीवर निघेल.

मग करावे काय? आपल्या प्रत्येकाच्या खिशात जे यंत्र आता असते, त्यात १०९८ हा चार आकड्यांचा क्रमांक प्रवासाला निघण्यापूर्वीच टिपून ठेवावा. मुंबईत १९९६ साली रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू झालेली ही मदतवाहिनी आज सरकारकडून चालविली जाते, चोवीस तास जागी असते आणि तिला एक पैसाही पडत नाही. तेथे मराठीत बोलावे, आणि शक्य तितके नेमके सांगावे: कोणते स्थानक अथवा कोणते देऊळ, कोणत्या दारापाशी, किती वाजता, मूल अदमासे किती वर्षांचे, अंगावर काय कपडे, जखम किंवा आजार दिसतो काय, आणि जवळपास कोणी मोठे माणूस त्याच्यावर नजर ठेवून आहे काय. धावत्या गाडीत असाल तर रेल्वेच्या १३९ क्रमांकावर, अथवा डब्यात फिरणाऱ्या रेल्वे संरक्षण दलाच्या शिपायाला सांगावे. घरातून निघून आलेल्या वा हरवलेल्या मुलांना गाड्यांतून व फलाटांवरून ताब्यात घेऊन सुरक्षित पोहोचविण्याची या दलाची ‘नन्हे फरिश्ते’ नावाची मोहीमच आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आमची स्थानके मुंबई-हावडा मार्गावर असल्याने कोठे गाडीत चढलेले मूल कोठे उतरेल याचा नेम नसतो. त्यातून मूल एकटे, बेवारस असल्याचे आढळले तर ही खबर चोवीस तासांच्या आत देणे हे कोणाही नागरिकावर कायद्याने घातलेले बंधन आहे, आणि ते जाणूनबुजून टाळणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. खबर देणाऱ्याला त्यासाठी वकील करावा लागत नाही, की दरखास्त लिहून द्यावी लागत नाही.

खबर दिल्यावर मुलाचे पुढे काय होते, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, कारण उचलून कोठल्या तरी कोंडवाड्यात टाकतील या भीतीनेच पुष्कळ सज्जन माणसे गप्प राहतात. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्या मुलाला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष व चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री, अशी ही पाच जणांची समिती घरची परिस्थिती तपासण्याचा हुकूम देते, आणि आईबाप असतील व ते मुलाला सांभाळण्याजोगे असतील तर मूल त्यांच्याकडेच परत जाते. बाप वारला आहे, आई मोलमजुरी करते, अशा घरासाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, जिच्यातून मुलामागे दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. या योजनेची माहिती ज्यांना सर्वांत जास्त हवी त्यांनाच बहुधा नसते. तेव्हा देवळाच्या पायरीवर मुलाला घेऊन बसलेली एखादी विधवा दिसली तर तिला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कचेरीचा पत्ता सांगणे, आणि वेळ असेल तर अर्ज भरून देणे, हे दान नोटेच्या दानाहून पुष्कळ टिकाऊ ठरते.

येथेच छायाचित्रांविषयी सांगून टाकतो. लोणारला विवराच्या काठावर मी परदेशी पाहुण्यांना आणि आपल्याकडच्या शहरी तरुणांनाही उघड्या अंगाच्या मुलांची छायाचित्रे घेताना पाहिले आहे, आणि त्या बदल्यात पेन किंवा चॉकलेट वाटतानाही. हे सद्भावनेने होते याबद्दल मला शंका नाही. परंतु संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे चित्र प्रसिद्ध करणे हा बालन्याय अधिनियमाखाली गुन्हा आहे, मग हेतू दयेचा का असेना. आणि पेनाच्या आशेने शाळा बुडवून काठावर धावत आलेल्या मुलाला पेन मिळाले तरी ते वापरण्याची वेळ त्याच्या हातून गेलेली असते. पेन द्यावयाचेच असतील तर गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन गुरुजींच्या हाती द्यावेत.

भिकेपेक्षा अधिक अवघड प्रश्न मजुरीचा आहे, कारण काम करणारे मूल कोणाची करुणा भाकत नाही आणि म्हणून ते आपल्या नजरेतही भरत नाही. मेहकरहून लोणारकडे जाताना एका टपरीवर आमची मंडळी थांबली होती. बारा वर्षांच्या आतबाहेरचा एक मुलगा पेले विसळीत होता. त्याच्या बोटांची कातडी पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती, आणि दोन बोटांच्या बेचक्यांत खरूज दिसत होती. सात चहा आणि तीन पोहे झाले होते. पाचशेची नोट पुढे करताच त्याने मान वर न करता ‘तीनशे पंचावन्न वापस’ असे सांगितले, मी मनात बेरीज पुरी करण्याच्या आत. शाळेबद्दल विचारले तेव्हा म्हणाला, ‘पाचवीत होतो. मायबापासंगं फडावर गेल्तो. आल्यावर गेलो तं म्हनले, नाव कमी झालं.’ टपरीच्या मालकाला मी विचारले, तर तो शांतपणे म्हणाला की गरिबाचे पोर आहे, उपाशी मरण्यापेक्षा येथे दोन वेळा खाते तरी. आणि मोठ्या गड्याच्या निम्मा रोज त्याला देतो हेही त्याने मोठ्या मनाने सांगितले. मी त्या दिवशी निरुत्तर होऊन गाडीत बसलो. ती माझी चूक होती, आणि तिची टोचणी अद्याप गेलेली नाही.

त्या मालकाला द्यावयाचे उत्तर त्याच्याच बोलण्यात होते. निम्म्या रोजावर मूल मिळते म्हणूनच पुऱ्या रोजावर त्याच्या बापाला किंवा काकाला कोणी ठेवीत नाही. मुलाच्या मजुरीने घरची भूक भागत नाही, घरातल्या मोठ्याचे काम तेवढे स्वस्त होते. १९८६ च्या बालकामगार अधिनियमात २०१६ साली सुधारणा झाल्यापासून चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही; ठेवणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षे कैद, अथवा २० हजार ते ५० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची रक्कम मुलाच्या पुनर्वसनाच्या निधीत जमा व्हावयाची असते, आणि सरकारने तीत मुलामागे १५ हजारांची भर घालावयाची असते. याची तक्रार पोलिसांत, सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे, किंवा त्याच १०९८ वर करता येते. मात्र खबर देण्याआधी दोन गोष्टींची खातरजमा करावी. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत आपल्याच घरच्या दुकानात आईबापांना हातभार लावणारे मूल या बंदीत येत नाही, आणि चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना बंदी आहे ती खाणी, स्फोटके यांसारख्या धोक्याच्या कामांत. बापाशेजारी बसून बोरे विकणाऱ्या मुलीवर पोलीस घालणे हे कोणाचेच भले करीत नाही. तिला शाळेचे नाव विचारावे, आणि तिने वर्ग, तुकडी, गुरुजींचे नाव भराभर सांगितले तर बोरे घेऊन समाधानाने पुढे जावे.

शाळेत नाव कमी झाले, हे त्या मुलाचे शब्दही कायद्याला धरून नव्हते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क अधिनियमाप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, वर्षाच्या मध्यात आले म्हणून किंवा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मध्ये खंड पडला असला तरी वयाला साजेशा वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास भरून काढण्याची जबाबदारी शाळेची असते. हे मला त्या दिवशी माहीत असते, तर मुलाच्या गावाचे नाव विचारून गटशिक्षणाधिकाऱ्याला एक पत्र टाकणे मला सहज जमले असते. टपरीवरच्या, धाब्यावरच्या, वीटभट्टीवरच्या मुलाला भेटणाऱ्या प्रवाशाने त्याचे गाव आणि शेवटची शाळा या दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. बाकी सारे धागे तेथून सापडतात.

सैलानीच्या यात्रेविषयी दोन शब्द. तेथे आजारी आई किंवा बापाबरोबर आलेली आणि त्यांच्या उपचारापायी राहुट्यांतून दिवसचे दिवस राहणारी मुले असतात. त्यांना भिकारी समजू नये. गर्दीत एखादे मूल रडत एकटे फिरताना दिसले तर ज्या जागी दिसले त्या जागीच थांबून बंदोबस्तावरच्या पोलिसाला हाक मारावी, कारण आईबाप शोधीत परत तेथेच येतात.

आपल्याकडची मंडळी आता परदेशीही जातात, आणि तेथे हाच हात वेगळ्या भाषेत पुढे येतो. कंबोडियात अंगकोरच्या देवळांभोवती लहान मुले पोस्टकार्डे आणि बांगड्या विकीत प्रवाशांमागे धावतात. त्या देवळांची व्यवस्था पाहणाऱ्या अप्सरा या सरकारी प्राधिकरणाने २०१५ साली पाहुण्यांसाठी जे आचारनियम घालून दिले, त्यांत मुलांकडून वस्तू घेऊ नयेत आणि त्यांना पैसे किंवा गोळ्या देऊ नयेत, कारण त्यामुळे ती शाळेऐवजी भिकेकडे वळतात, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या तीर्थक्षेत्रांच्या भक्तनिवासांत आणि बसस्थानकांवर मराठीत असा एक फलक लावला, तर त्याला खर्च फारसा येणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि युनिसेफ यांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात १३ कोटी ८० लाख मुले मजुरीत आहेत, आणि त्यांतील दर पाचांपैकी तीन शेतीत. म्हणजे स्थानकावर आणि टपरीवर जे मूल प्रवाशाला दिसते ते या समुदायातील फार थोडे. बहुसंख्य मुले रस्त्यापासून दूर, कोणत्याही प्रवाशाच्या नजरेआड राबत असतात.

आमच्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर ती कापसाच्या वेचणीत असतात, आणि दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्यांबरोबर ट्रकच्या टपावर बसून पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या फडांकडे निघतात. तेथे लहानाने त्याहून लहानाला सांभाळायचे, वाढे गोळा करायचे, मोळ्या उचलू लागायच्या, आणि वसंत सरल्यावर परतायचे तेव्हा शाळेचे वर्ष संपलेले असते. टपरीवरचा तो मुलगा याच वाटेने पेल्यांपर्यंत आला होता. या मुलांना आजी-आजोबांकडे गावातच ठेवून जेवणखाणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे शासनाने सुरू केली आहेत. परंतु टोळी निघण्यापूर्वी मुलांची यादी झाली नाही तर वसतिगृह उघडायचे कोणासाठी? म्हणून घाटावरच्या आणि घाटाखालच्या ज्या वाचकांच्या गावातून टोळ्या जातात, त्यांना माझी विनंती आहे की यंदा दसऱ्याच्या आधी एक सकाळ काढून शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, कोणकोणत्या घरांनी उचल घेतली आहे ते त्यांना सांगा, आणि त्या घरांतील मुलांची नावे तुमच्यासमोर हंगामी वसतिगृहाच्या यादीत लिहून घ्या.